स्नॉर्केलिंगचे फोटो दर वेळी निळसर, धूसर का येतात? सोलापूरहून निघणाऱ्यांसाठी कारणे, उपाय आणि कॅमेऱ्याची निवड

मे महिन्याची सुट्टी किंवा दिवाळीनंतरचे चार दिवस मालवण-तारकर्लीला, आणि अलीकडे अंदमानला, घालवून परतलेल्या सोलापूरच्या कुटुंबांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. स्नॉर्केलिंग करताना, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पृष्ठभागावर तरंगताना, पाण्यात डोळ्यांना जे दिसले, ते फोटोत उतरलेच नाही. पिवळे-काळे पट्टे असलेले मासे राखाडी दिसतात, प्रवाळाचा रंग ओळखू येत नाही आणि संपूर्ण चित्रावर निळी किंवा हिरवी झाक पसरलेली असते. मग दोष कॅमेऱ्यावर जातो, पुढच्या सहलीआधी अधिक किमतीचा कॅमेरा घेतला जातो आणि त्याचेही फोटो तसेच येतात. तक्रार पुन्हा का उद्भवते, फोटो पाहून तिचे नेमके कारण कसे ओळखावे आणि त्यानंतर कोणता कॅमेरा घ्यावा, या क्रमाने हे लेखन केले आहे. बहुतेक जण थेट तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि पैसे तिथेच वाया जातात.

मूळ कारण: कॅमेरा आणि मासा यांच्यामधले पाणी

पाणी रंगहीन वाटत असले तरी ते उजेडातील सर्व रंग सारखे पुढे जाऊ देत नाही. लाल रंग ते सर्वांत आधी शोषून घेते. अगदी स्वच्छ पाण्यातही लाल उजेडाचा सुमारे पाव ते एक तृतीयांश भाग दर मीटरला कमी होतो, त्यामागोमाग नारिंगी आणि पिवळा फिके पडत जातात, आणि निळा-हिरवा तेवढा लांबवर टिकतो. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी: मोजायचे ते केवळ मासा किती खोल आहे हे नसून उजेडाने पाण्यातून केलेला एकूण प्रवास मोजायचा असतो. सूर्याचा उजेड पृष्ठभागापासून माशापर्यंत खाली जातो आणि माशावरून परतून कॅमेऱ्यापर्यंत येतो. आपण पृष्ठभागावर तरंगत आहोत आणि मासा ३ मीटर खाली आहे, असे धरले तर तो प्रवास ६ मीटरचा होतो आणि लाल उजेडाचा जेमतेम आठवा हिस्सा कॅमेऱ्याच्या वाट्याला येतो. तोच मासा पृष्ठभागापासून १ मीटरवर असेल आणि कॅमेरा त्याच्यापासून अर्ध्या मीटरवर धरला असेल, तर प्रवास दीड मीटरचा होतो आणि निम्म्याहून अधिक लाल उजेड शिल्लक राहतो. दोन्ही फोटो एकाच कॅमेऱ्याने काढले तरी ते दोन वेगळ्या कॅमेऱ्यांचे वाटतील, इतका हा फरक मोठा असतो.

सोलापूरच्या प्रवाशांना ही अडचण अधिक जाणवण्याचे एक साधे कारण आहे. आपल्यापैकी ज्यांना पोहता येते, त्यांतील बहुतेक जण जलतरण तलावात किंवा शेतातल्या विहिरीत शिकलेले असतात. समुद्राच्या लाटेची सवय नसते, त्यामुळे लाइफ जॅकेट अंगावर राहते, आणि ते राहिलेच पाहिजे. फोटोसाठी लाइफ जॅकेट काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. परंतु लाइफ जॅकेट घातलेला माणूस पृष्ठभागाखाली जाऊ शकत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात खडक दोन-चार मीटर खाली असतो आणि वरून तरंगत काढलेला प्रत्येक फोटो त्या दोन-चार मीटर पाण्यातून काढलेला असतो. तक्रारीचे मूळ इथे आहे.

हे कळले की दोन प्रचलित समजुती आपोआप गळून पडतात. पहिली समजूत झूमची आहे. झूम केल्याने मासा चौकटीत मोठा दिसतो, पण मधले पाणी तेवढेच राहते. उलट त्यातील धूसरपणाही मोठा होऊन येतो. दुसरी समजूत मेगापिक्सेलची आहे. धूसर चित्र १२ मेगापिक्सेलमध्ये टिपले काय किंवा ५० मध्ये टिपले काय, धूसरपणा कमी होत नाही. म्हणून पाण्याखालच्या कॅमेऱ्यात पाहायचे ते गुण वेगळे आहेत: त्याची दृष्टी रुंद असावी, त्याला अगदी जवळच्या वस्तूवर फोकस करता यावा आणि तो ओल्या हातांनी, मास्क घातलेला असताना, विचार न करता चालवता यावा.

रुंद दृष्टी लागण्याला आणखी एक कारण आहे. पाण्याचा अपवर्तनांक (उजेड किती वाकतो ते सांगणारा आकडा) सुमारे १.३३ असल्यामुळे सपाट काचेतून पाहताना १ मीटरवरची वस्तू पाऊण मीटरवर असल्यासारखी दिसते आणि जमिनीवर २८ मिलिमीटरचे वाटणारे लेन्स पाण्यात सुमारे ३७ मिलिमीटरचे होऊन बसते (हा आकडा जितका मोठा तितकी चौकट अरुंद). दुकानात रुंद वाटलेली चौकट पाण्यात आखडते, आणि मग माणूस बायको-मुलांना चौकटीत बसवण्यासाठी मागे सरकतो. मागे सरकला की मधले पाणी वाढते.

लाइफ जॅकेट न काढता अंतर कमी करण्याचा मला सर्वांत उपयुक्त वाटणारा मार्ग म्हणजे छोटी दांडी. तरंगणाऱ्या मुठीची, साठ-सत्तर सेंटिमीटरची दांडी ॲक्शन कॅमेऱ्याला (गोप्रोसारख्या छोट्या, रुंद दृष्टीच्या कॅमेऱ्याला) जोडून हात सरळ खाली सोडला की कॅमेरा आपल्या डोळ्यांपेक्षा मीटरभराहून अधिक खाली पोहोचतो. पडदा दिसत नाही, हे खरे. पण रुंद लेन्सला अंदाजाने रोखले तरी चालते. दांडीचे टोक प्रवाळाला लागणार नाही याची काळजी मात्र मनापासून घ्यावी. प्रवाळ हा सजीव आहे, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली त्याला संरक्षण आहे, आणि मालवणचा हा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. दुसरा मार्ग जागा निवडण्याचा. नावाड्याला किंवा वाटाड्याला आधीच सांगावे की फोटो काढायचे आहेत, तेव्हा उथळ खडकाकडे न्या. त्यांना त्या जागा ठाऊक असतात. पावाचा चुरा टाकून मासे वर आणण्याची रीत काही ठिकाणी दिसते, तिला आपणहून नकार द्यावा. माशांच्या दृष्टीने ती अयोग्य आहेच, शिवाय तो चुरा पाण्यात पसरून फोटोही बिघडवतो.

बिघडलेला फोटो पाहून कारण ओळखणे

आकार स्पष्ट आहेत पण सगळे निळे किंवा हिरवे आहे, असा फोटो असेल तर अंतराबरोबर व्हाइट बॅलन्सचाही, म्हणजे कॅमेरा रंगांचा तोल कसा बसवतो याचाही, प्रश्न आहे. स्वयंचलित व्हाइट बॅलन्स जमिनीवरच्या उजेडासाठी बांधलेला असतो आणि पाण्यात तो गोंधळतो. कॅमेऱ्यात पाण्याखालचा मोड असेल तर तो निवडावा. रॉ स्वरूपात (सेन्सरने टिपलेली माहिती न दाबता) फोटो साठवण्याची सोय असेल तर ती अवश्य वापरावी, कारण घरी आल्यावर लाइटरूम किंवा स्नॅपसीडसारख्या ॲपमध्ये रंगांचा तोल पुन्हा बसवताना रॉ फाइल जितकी साथ देते तितकी जेपेग देत नाही. तरीही एक मर्यादा राहते. जो लाल उजेड कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही, तो कोणत्याही ॲपला परत आणता येत नाही. जबरदस्तीने लाल वाढवला तर चित्रात रवाळपणा तेवढा येतो. लेन्सवर लावायचा लाल फिल्टर हा खोल पाण्यात उतरणाऱ्यांसाठी उपयोगी आहे. एक-दोन मीटरवरच्या स्नॉर्केलिंगला त्याची गरज नसते, आणि मालवणच्या हिरवट पाण्यात तर लालऐवजी गुलाबी-जांभळट फिल्टर लागतो. नवख्या माणसाने फिल्टरच्या वाटेला न गेलेलेच बरे.

फोटो दुधाळ, फिका आणि खोली नसलेला दिसत असेल तर पाण्यात गाळ होता. तारकर्ली-देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते आणि पावसाळ्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत नदीने आणलेला गाळ पाण्यात असतो. ओहोटीच्या वेळी खाडीतले गढूळ पाणी बाहेर येते, भरतीच्या वेळी समुद्राचे तुलनेने स्वच्छ पाणी आत येते, म्हणून शक्य असेल तर भरतीच्या सुमाराची वेळ मागावी. दिवसातली वेळही महत्त्वाची आहे. सूर्य खाली असताना त्याचा बराच उजेड पृष्ठभागावरूनच परावर्तित होतो, आणि दुपारनंतर वारा सुटून पाणी ढवळले जाते. या दोन्हींमधला मार्ग म्हणजे सकाळी नऊ-साडेनऊपासून साडेअकरापर्यंतचा काळ. सोलापूरहून रात्रभर प्रवास करून पहाटे पोहोचायचे, न्याहारी, आंघोळ, थोडी झोप आणि मग तीन वाजता समुद्र, या ठरलेल्या वेळापत्रकात फोटोंचा सर्वांत चांगला वेळ नेमका झोपेत जातो. अंदमानला, उदाहरणार्थ स्वराज द्वीपावरच्या एलिफंट बीचला, पाणी बरेच नितळ असते, परंतु तिथेही वेळेचा हाच नियम लागू होतो.

चित्रभर पांढरे ठिपके पसरलेले असतील तर कॅमेऱ्याचा फ्लॅश चालू होता. कॅमेऱ्यातला फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असतो, त्यामुळे मधल्या पाण्यातला प्रत्येक कण तो उजळतो आणि तो उजेड सरळ लेन्समध्ये परततो. यावर एकच उपाय आहे: फ्लॅश कायमचा बंद ठेवावा. स्वयंचलित फ्लॅश आपोआप पेटू नये म्हणून किनाऱ्यावर असतानाच ते तपासावे.

मासा रेघेसारखा ओढला गेला असेल तर शटरचा वेग कमी पडला. पाण्यात आपण हलतो, मासा हलतो आणि लाटही दोघांना हलवते. १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद शटर लागते. ज्या कॅमेऱ्यात शटरचा वेग स्वतंत्रपणे ठरवता येत नाही, तिथे आयएसओ (उजेडाबाबतची संवेदनशीलता) ४०० वर ठेवावा म्हणजे कॅमेरा आपण होऊन जलद शटर निवडतो. सलग फोटो काढण्याची सोय वापरणे हाही चांगला उपाय आहे.

प्रत्येक फोटोत त्याच जागी एक पुसट गोल डाग असेल तर लेन्सच्या काचेवर हवेचा बुडबुडा चिकटला होता किंवा सनस्क्रीनचे बोट लागले होते. पाण्यात उतरल्यावर काचेवरून एकदा बोट फिरवले की बुडबुडे जातात. सनस्क्रीनचा तेलकट थर मात्र बोटाने आणखी पसरतो, म्हणून क्रीम लावून झाल्यावर हात साबणाने धुऊनच कॅमेऱ्याला हात लावावा.

आता धुके. सुरुवातीचे फोटो चांगले आणि दहा-पंधरा मिनिटांनंतर मध्यभागापासून पांढुरके होत गेलेले, असा क्रम असेल तर काचेच्या आतल्या बाजूला बाष्प साचले आहे, आणि सोलापूरच्या माणसाला हे कोडे विशेष पडते, कारण घरी बादलीत केलेल्या चाचणीत ते कधीच दिसत नाही. कारण आपल्या हवेत आहे. मे महिन्यात सोलापूरला तापमान ४० अंशांच्या पुढे असले तरी दुपारी हवा इतकी कोरडी असते की तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतले बाष्प थेंब होऊ लागते तो अंश, १०-१३ अंशांच्या आसपास राहतो. अशी हवा कॅमेऱ्याच्या जलरोधक कवचात कोंडली तर सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात तिच्यातून थेंब सुटण्याचा प्रश्नच येत नाही. मालवणला तापमान ३३ अंश असले तरी आर्द्रता ७५ टक्के असेल तर दवबिंदू २८ अंशांच्या घरात जातो. बोटीवर, ओल्या हातांनी, त्या हवेत कॅमेऱ्याचे कवच उघडून बॅटरी बदलली की दमट हवा आणि एखादा थेंब आत कोंडला जातो. कॅमेरा चालू राहून तापतो, थेंबाची वाफ होते आणि समोरची काच समुद्राच्या पाण्याने थंड असल्यामुळे ती वाफ तिथे साचते. उपाय म्हणून आदल्या रात्री वातानुकूलित खोलीत पूर्ण भरलेली बॅटरी आणि रिकामे कार्ड घालून कवच बंद करावे, आत सिलिका जेलची लहान पुडी किंवा त्यासाठी मिळणाऱ्या शोषक पट्ट्या ठेवाव्यात, आणि समुद्रातून परत येईपर्यंत ते उघडू नये. कोल्हापूरमार्गे घाट उतरून जाताना कॅमेरा गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेखाली तापत ठेवू नये. बोटीवरही तो ओल्या रुमालाखाली सावलीत असावा.

फोन आणि पाऊच

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न फोनचा आहे. फोन पाण्यात चालतो असे जाहिरातीत म्हटले आहे, मग कॅमेरा कशाला घ्यायचा? आयपी६८ या, धूळ आणि पाण्यापासून बचाव किती ते सांगणाऱ्या, मानांकनाचा अर्थ समजून घेतला की उत्तर मिळते. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे. ६८ मधला शेवटचा ८ हा आकडा म्हणजे त्याहून अधिक, पण किती ते ज्या त्या उत्पादकाने जाहीर करायचे. ही चाचणी स्थिर आणि गोड्या पाण्यात, नव्या फोनवर होते. समुद्राचे पाणी खारट आहे, ते चार्जिंगच्या खाचेत सुकले की धातू गंजवते. दोन वर्षे वापरलेल्या, एकदा-दोनदा पडलेल्या फोनची सील नव्यासारखी राहिलेली नसते. आणि पाण्याने झालेले नुकसान फोनच्या सर्वसाधारण हमीत सहसा धरले जात नाही. ज्या फोनमध्ये बँकेचे व्यवहार, घरच्यांचे क्रमांक आणि परतीची तिकिटे आहेत, तो उघडा समुद्रात नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

नवी पेठेतल्या कोणत्याही मोबाइलच्या दुकानात मिळणारा प्लास्टिकचा पाऊच हा स्वस्त मार्ग आहे, पण त्याचे दोष ठाऊक असावेत. लेन्ससमोरचे प्लास्टिक सुरकुतते आणि चित्र सर्वत्र मऊ येते. पाण्याचा दाब पाऊचवर पडला की पडद्याला स्पर्श झाल्याचा भास होतो आणि फोन आपोआप काहीही करू लागतो, तर आपल्या बोटाचा खरा स्पर्श त्याला कळत नाही. पाऊच वापरायचाच असेल तर तो आधी आत कोरडा टिशू पेपर आणि एखादे वजन घालून अर्धा तास बादलीत बुडवून ठेवावा. टिशूला एकही ओला ठिपका नसेल तरच फोन आत घालावा, लेन्ससमोरचे प्लास्टिक ताणून सपाट करावे, कॅमेरा ॲप किनाऱ्यावरच उघडून ठेवावे आणि फोटोसाठी आवाजाचे बटण वापरावे. कमरेइतक्या पाण्यात मुलांचे फोटो काढायला पाऊच पुरतो. प्रवाळावर तरंगताना तो पुरत नाही.

मग घ्यावे काय

पहिला प्रश्न स्वतःला विचारावा: ही सहल एकदाच आहे की दरवर्षीची? आयुष्यात एकदाच मालवणला जाऊन स्नॉर्केलिंग करणार असाल तर कॅमेरा विकत घेऊ नका. तिथले अनेक व्यावसायिक पाण्याखाली चित्रीकरण करून फाइल फोनमध्ये देतात. त्यांची माणसे खाली बुडी मारून जवळून फोटो काढू शकतात, आणि जवळ जाणे हाच तर सगळा प्रश्न आहे. पैसे ठरवतानाच फाइल त्याच दिवशी, मूळ दर्जाची मिळेल ना, हे विचारून घ्यावे, कारण व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ दबून लहान झालेला असतो.

सहली पुन्हा पुन्हा होणार असतील आणि कुटुंबाचे हसतेखेळते क्षण हवे असतील, तर ॲक्शन कॅमेरा घ्यावा. गोप्रो हीरो मालिकेचे अलीकडचे बहुतेक कॅमेरे वेगळ्या कवचाशिवाय १० मीटरपर्यंत चालतात, डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ४ हा १८ मीटरपर्यंत चालतो. स्नॉर्केलिंगमध्ये आपण पाच मीटरच्या खाली जात नाही, त्यामुळे खोलीच्या मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. या कॅमेऱ्यांची दृष्टी रुंद असते, ते दांडीवर बसतात, एकाच बटणावर चालतात आणि व्हिडिओतून स्थिर चित्र काढून घेता येते. ४के व्हिडिओतील एका चौकटीत सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, छापून भिंतीवर लावायला ते पुरेसे आहेत. स्पर्शाचा पडदा पाण्यात चालत नाही, म्हणून मोड आधीच ठरवून पडदा बंद करावा. या कॅमेऱ्यांची उणीव अशी की गोप्रोसारख्या स्थिर फोकसच्या कॅमेऱ्यात सुमारे ३० सेंटिमीटरच्या आतली वस्तू स्पष्ट येत नाही. बोटाएवढा मासा किंवा प्रवाळाची नक्षी जवळून टिपण्याची हौस असेल तर हा कॅमेरा निराश करील.

ती हौस असणाऱ्यांसाठी जलरोधक कॉम्पॅक्ट कॅमेरा आहे. ऑलिंपसचा टफ टीजी-६ (२०१९) आणि त्याचाच पुढचा, ओएम सिस्टिम नावाने आलेला टीजी-७ (२०२३) हे दोन्ही १५ मीटरपर्यंत चालतात, १२ मेगापिक्सेलचे आहेत, रुंद बाजूला एफ/२ लेन्स (जास्त उजेड आत घेणारे) देतात, रॉ फाइल साठवतात, पाण्याखालचे वेगळे मोड देतात आणि मायक्रोस्कोप मोडमध्ये वस्तूच्या अगदी सेंटिमीटरवर फोकस करतात. आकडे पाहून १२ मेगापिक्सेल कमी वाटतील, पण या कामासाठी मी हाच कॅमेरा सुचवीन. निकॉनचा कूलपिक्स डब्ल्यू३०० हा ३० मीटरपर्यंत चालणारा कॅमेरा वापरलेल्या स्थितीत कधी कधी स्वस्तात मिळतो. तो रॉ साठवत नाही, आणि वापरलेल्या जलरोधक कॅमेऱ्याची सील किती जुनी आहे हे विक्रेत्याच्या सांगण्यावरून ठरवता येत नाही. नव्याच्या निम्म्या किमतीत मिळाला तरी सील बदलण्याचा खर्च धरूनच हिशेब करावा.

मिररलेस किंवा डीएसएलआर कॅमेऱ्याला बाहेरून कवच घेण्याचा विचार स्नॉर्केलिंगपुरता सोडून द्यावा. कवच कॅमेऱ्याइतकेच महाग पडते आणि ते अवजड धूड घेऊन लाइफ जॅकेटमध्ये तरंगणे कठीण जाते.

चाळिशी ओलांडलेल्यांसाठी एक विशेष सूचना. मास्कच्या आत चष्मा बसत नाही, त्यामुळे जवळचे दिसण्यासाठी चष्मा लागणाऱ्यांना कॅमेऱ्याचा छोटा पडदा आणि त्यावरची चिन्हे पाण्यात वाचता येत नाहीत. अशांनी बटणे मोठी आणि एकमेकांपासून दूर असलेला कॅमेरा निवडावा, आणि दुकानातच चष्मा काढून, डोळे मिटून, चालू-बंद व फोटोचे बटण बोटांना सापडते का ते पाहावे. कोणताही कॅमेरा घेतला तरी मनगटाला बांधायचा फुगीर, पिवळा किंवा लाल तरंगता पट्टा वेगळा घ्यावाच. सुटलेला कॅमेरा तळाशी जातो आणि लाइफ जॅकेट घातलेला माणूस तो आणायला खाली जाऊ शकत नाही.

निघण्यापूर्वी सोलापुरातच करायची चाचणी

कॅमेरा समुद्रात पहिल्यांदा वापरू नये. जलतरण तलावात चाचणी घ्यावी. तिथे कॅमेऱ्याला मनाई असते आणि ती योग्यच आहे, म्हणून व्यवस्थापकांशी बोलून, गर्दी नसलेली वेळ घेऊन, इतर कोणी चौकटीत येणार नाही असे सांगूनच जावे. ज्यांच्या शेतात विहीर आहे त्यांना त्याहून चांगली सोय आहे, कारण विहिरीचे हिरवट पाणी मालवणच्या पाण्याची जवळची कल्पना देते. मात्र विहिरीत एकट्याने उतरू नये, आणि पट्टीचा पोहणारा कोणी काठावर हवा.

चाचणी सोपी आहे. लाल रंगाचा प्लास्टिकचा मग वजन घालून पाण्यात ठेवावा आणि त्याचा फोटो ३० सेंटिमीटर, १ मीटर आणि ३ मीटर अंतरावरून काढावा. तीन फोटो शेजारी ठेवले की लाल रंग कुठे नाहीसा होतो ते घरातल्या सगळ्यांना, मुलांनाही, डोळ्यांनी कळते, आणि समुद्रात गेल्यावर "अजून जवळ" असे कोणाला सांगावे लागत नाही. याच वेळी शटरचा वेग, बंद केलेला फ्लॅश आणि तरंगता पट्टा कॅमेऱ्याचे वजन खरोखर पेलतो का, हेही तपासून होते.

पाणी आत शिरण्याची तक्रार

ज्यांचे कॅमेरे पाणी शिरून गेले, त्यांच्या बाबतीत कॅमेरा मुळातच सदोष असण्यापेक्षा रबरी सीलवर काहीतरी अडकलेले असण्याची शक्यता अधिक असते. एक केस, वाळूचा एक कण किंवा कापसाचा एक तंतू एवढे पुरते. इथे आपल्या गावच्या एका अभिमानाच्या वस्तूबद्दल सावध करणे भाग आहे: सोलापुरी टर्किश टॉवेलने अंग उत्तम पुसले जाते, पण कॅमेऱ्याची सील त्याने कधीही पुसू नये. त्याच्या फासांमधून सुटणारे बारीक तंतू सीलवर बसतात आणि झाकण बंद झाल्यावर तिथून पाण्याला वाट मिळते. टॉवेल नवा असेल तर धोका अधिक. सील पुसण्यासाठी मायक्रोफायबरचे कापड वापरावे, आणि झाकण लावण्यापूर्वी उजेडात तिरपे धरून सीलची पूर्ण कड नजरेखालून घालावी. वेगळ्या कवचाच्या मोठ्या सीलला उत्पादकाने सांगितले असेल तरच सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा; ग्रीस जास्त झाले तर तेच धूळ पकडून ठेवते. कॅमेरा हातात घेऊन बोटीवरून उडी मारू नये. आधी आपण उतरावे आणि मग कॅमेरा हातात मागून घ्यावा.

समुद्रातून आल्यावर झाकण उघडण्याआधी कॅमेरा गोड्या पाण्यात वीस-तीस मिनिटे बुडवून ठेवावा आणि बटणे पाण्यातच दाबावीत, म्हणजे त्यांच्या फटीतले मीठ निघते. नुसते नळाखाली धरल्याने ते निघत नाही. घरी आल्यावर बोअरच्या पाण्याने धुतलेला कॅमेरा तसाच सुकवला तर क्षारांचे पांढरे डाग काचेवर बसतात, म्हणून शेवटचे धुणे पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याने करावे. सुकवण्यासाठी केसांचा ड्रायर किंवा गच्चीवरचे ऊन वापरू नये. सावलीत पंख्याखाली ठेवावा.

एवढे करूनही खारे पाणी आत गेलेच, तर कॅमेरा लगेच बंद करावा, चालतो का ते पाहण्यासाठी पुन्हा सुरू करू नये, बॅटरी आणि कार्ड काढावे. भिजलेली लिथियम बॅटरी पुन्हा वापरू नये, चार्ज करू नये आणि सामानात न ठेवता मोकळ्या जागी वेगळी ठेवावी. कार्ड गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवले तर त्यातले फोटो बहुधा वाचतात. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवल्याने आतले मीठ कुठेही जात नाही. जितक्या लवकर दुरुस्तीच्या केंद्रात पोहोचेल तितके बरे.

सहलींमधला काळ मोठा असेल तर बॅटरी बाहेर काढून, कॅमेरा सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावा. रबरी सील वापरली नाही तरी कडक होत जाते आणि उन्हाळ्यात तापणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या कपाटात ती अधिक लवकर कडक होते. साधारण वर्षाने ती बदलून घ्यावी, आणि पुढच्या प्रवासाची तिकिटे काढली की बादलीची आणि लाल मगाची चाचणी पुन्हा करावी.